दाऊद नाखव्याचा मचवा

"हो मचवो नाय, गुरुदासा, सांगाडो आसा," मचव्याच्या पोटाखालून शंकर मेस्त्री म्हणाला.

त्याने पटाशीचं टोक तळाच्या फळीत दाबलं. लाकूड ओल्या गुळासारखं सुटून त्याच्या मांडीवर पडलं. पलीकडच्या बाजूला गुरुदास कुबल उकिडवा बसला होता. त्याने वाकून तो भुगा चिमटीत घेतला, नाकाशी नेला आणि टाकून दिला.

"सगळोच कुसलो?"

"खालची फळयां गेली. डोलकाठी गेली. पण आतले फासळे बरे आसत. फणसाचे आसत, लोखंडासारके."

"मगे दुरुस्त होता."

"होता रे. पण तुका ह्या वयात हो कित्याक होयो, ता तरी सांग."

गुरुदासाने ते सांगितलं नाही. सांगण्यासारखं थोडक्यात काही नव्हतंच. मुंबईला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचवर त्याने उभं आयुष्य काढलं होतं. आधी दोर टाकणारा, मग सुकाण्यावर. धक्क्यावरून सुटायचं, रेवसला लागायचं, माणसं उतरवायची, माणसं भरायची आणि लाँच वळवायची. दुपारच्या फेरीला कधीकधी दक्षिणेकडे निघालेली गलबतं दिसायची. शिडं फुगवून ती खांदेरीच्या बाजूने पुढे निघून जायची आणि गुरुदास लाँच वळवायचा. नोकरी संपवून तो वेंगुर्ल्याजवळ उभादांड्याला आपल्या घरी आला, तेव्हा लोकांनी विचारलं, आता काय करणार? तेव्हा त्याच्या मनात एकच होतं. पाण्यावर निघायचं, आणि वळायचं नाही. कारवार, होन्नावर, भटकळ, जमलं तर पार कोची.

वेंगुर्ल्याच्याच मांडवी वाडीत, खाडीकाठी झावळ्यांच्या छपराखाली दाऊद नाखव्याचा हा मचवा पडून होता. दाऊद जाऊन सहा-सात वर्षं झाली असतील. माल घेऊन होन्नावरला गेला असताना तापाने तिथेच गेला. खलाशांनी त्याला तिथेच दफन केलं आणि मचवा तेवढा परत आणला. मग पोर्तुगीजांच्या गोव्याची नाकेबंदी झाली आणि लहान शिडांना खाली दक्षिणेला जाणं अवघड झालं. खलाशी पांगले. मचवा तसाच राहिला.

व्यवहार ठरवायला गुरुदास गेला, तेव्हा दाऊदची बायको रहमतबी उंबऱ्यात बसली होती. तिने किमतीत घासाघीस केली नाही. एवढंच विचारलं, "खंय नेतलंस?"

"खाली. होन्नावर, भटकळ."

रहमतबी उठून आत गेली. बऱ्याच वेळाने तिचा पुतण्या जमाल बाहेर आला. "चाची म्हणता, न्हेवा," म्हणाला.

त्या दिवसापासून दुरुस्ती सुरू झाली, आणि त्याच दिवसापासून घरी त्याच्या बायकोने, शेवंतीने, बोलणं टाकलं. भांडण नव्हतं. ती भाकरी वाढायची, पाणी ठेवायची आणि मागच्या दारी निघून जायची. शेवटी एका दुपारी गुरुदासच मागे गेला.

"तूय चल माज्यावांगडा. मी काय एकटो जावक सांगतंय?"

शेवंती वाल सोलत होती. तिने मान वर केली नाही. "लग्न झाल्यापासून तुमची वाटच बघलंय. गणपतीक येतलास म्हणान, शिमग्याक येतलास म्हणान. आता खंय घरात दोन माणसांचा जेवाण शिजाक लागला, तर तुमका दर्या आठावलो. माका पाण्याची भीती वाटता. तुमी जावा."

गुरुदास तसाच खाडीवर परत गेला.

शंकर मेस्त्रीने कुजलेल्या फळ्या काढल्या आणि सागाच्या नव्या बसवल्या. सांध्यांमध्ये कापूस ठोकून ठोकून भरला, वरून राळ आणि तेल. डोलकाठीसाठी उंडीचं सरळ झाड मसुऱ्याकडे मिळालं. ते बैलगाडीवरून आणताना दोन ठिकाणी गाडी अडली, आणि खाडीवर पोचलं तेव्हा बघायला निम्मी मांडवी जमली. रहमतबी रोज उंबऱ्यात बसून असायची. मेस्त्रीने खिळा मारला की तिची नजर हातोड्याबरोबर वर-खाली व्हायची.

गुरुदास जेवायला घरी येईनासा झाला, तेव्हा शेवंती डबा घेऊन खाडीवर जायला लागली. पहिल्या दिवशी डबा ठेवून ती परत फिरली. दुसऱ्या दिवशी रहमतबीने तिला हाक मारली.

"गो बाय, सुई धरूक येता?"

जुनं शीड माळ्यावरून काढलं होतं. ते इतकं जीर्ण होतं की हाताने फाटे. नवं कापड त्याच्यावर अंथरून, त्याच मापाने शिवायचं होतं. दोघी पडवीत समोरासमोर बसल्या. जाड कापडात सुई ओढून ओढून शेवंतीची बोटं सुजली, तरी ती दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्याही.

एकदा शिवता शिवता रहमतबी म्हणाली, "तुजो घोव होन्नावराक जातलो ना?"

"जातलो म्हणता."

"माका न्हेतलो?"

शेवंतीची सुई थांबली.

"तेंच्या कबरेची जागा मी बघूक नाय," रहमतबी म्हणाली. "जमालाक म्हटलंय, एस्टीन ने. तो म्हणता, बेळगावसून जावचा लागता, लांब पडता, आज न्हेतंय, फाल्या न्हेतंय. तेचाय खरा आसा, तेका पोरांबाळां आसत. ह्याच मचव्यातून ते गेले. मिया जाईन. पण सुकाण्यार तुजो घोव, शिडार जमाल, एकटी बायल दोन पुरुषांत कशी जातली? लोक काय म्हणतले?"

शेवंतीने धागा दाताने तोडला. ओवायला तिला बराच वेळ लागला. मग ती म्हणाली, "माका पाण्याची भीती वाटता."

"माकाय वाटता," रहमतबी म्हणाली.

संध्याकाळी शेवंतीने गुरुदासाच्या पानात सुकटीची आमटी वाढली आणि त्याच्यासमोरच बसून राहिली. "मचव्यात चूल खंय मांडतलास?" तिने विचारलं.

गुरुदासाचा घास हातातच राहिला.

"रहमतबी येता. तिका सोबत होयी. होन्नावरापर्यंत येतंय मी. थंयसून आमी दोघी एस्टीन परत." एवढं बोलून ती उठली.

नवरात्र उलटल्यावर, दर्या निवळला तेव्हा मचवा पाण्यात ढकलला. गुरुदासाने नारळ सोडला, जमालने फातिहा पढला, शंकर मेस्त्रीने शेवटचं एकदा तळाला कान लावून पाणी शिरत नाही ना ते पाहिलं. पाणी शिरत होतं, थोडंसं. "फुगतला लाकूड, मगे बंद होतला," मेस्त्री म्हणाला, आणि तसंच झालं.

पहाटे जमिनीवरून सुटणाऱ्या मतलई वाऱ्यावर ते निघाले. गुरुदास सुकाण्यावर, जमाल शिडाच्या दोरावर. दोघी डोलकाठीच्या बुडाशी एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या. पहिल्या दिवशी शेवंतीला ओकाऱ्या झाल्या. रहमतबीने तिच्या कपाळाला लिंबू चोळलं. दुपारनंतर समुद्रावरून वारा आला, शीड भरलं आणि मचवा एका कुशीवर कलून पळायला लागला, तेव्हा गुरुदासाच्या हाताला सुकाणू थरथरताना जाणवलं. लाँचचं इंजिन त्याला पायातून कळायचं. हे वेगळं होतं. त्याने मागे पाहिलं नाही.

आग्वादच्या टोकावर तिरंगा दिसला; गोवा आता सुटला होता. जमाल बोट दाखवून म्हणाला, "चाचा सांगत, ह्याच्या आधी हंयसून जाताना किनारो दिसाक नको, इतक्या लांबसून जावचा लागा." आता ते इतक्या जवळून गेले की तटावर वाळत घातलेले कपडे दिसत होते.

कारवारच्या खाडीत त्यांनी मुक्काम केला. बेटाच्या आडोशाला पाणी अगदी शांत होतं. शेवंतीने तव्यावर बांगडे भाजले. तिच्या पोटात आता अन्न ठरत होतं. सकाळी निघाल्यावर ती हळूहळू सरकत सुकाण्यापाशी येऊन बसली. गुरुदासाने तिचा हात उचलून सुकाण्याच्या दांड्यावर ठेवला. तिने तो काढला नाही. मचव्याचं नाक इकडे तिकडे भरकटलं, मग तिला अंदाज आला.

"कोची हंयसून लांब आसा?"

"लांब आसा. तू एस्टीन जातलंस ना परत?"

"रहमतबी गेली तर जाईन. ती म्हणता, तिकाय वाईच फुडे बघूचा आसा."

गुरुदास समुद्राकडे बघत राहिला. हसू लपवायला त्याला मिशी पुरेना.

होन्नावरला नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे. भरतीच्या पाण्यावर तो ओलांडून ते आत शिरले. ओहोटी लागली की तिच्याबरोबर बाहेर पडायचं, फार उशीर झाला तर दांड्यावर पाणी राहत नाही आणि दिवस फुकट जातो. गुरुदासाने हे सकाळपासून दोनदा सगळ्यांना बजावलं होतं.

कब्रस्तान नदीपासून फार लांब नव्हतं. राखणदार म्हातारा होता, त्याची कोकणी वेगळी पण कळण्यासारखी. बायका बघून तो जरा घुटमळला. जमालने त्याला सगळं सांगितलं, तेव्हा त्याने फाटक उघडलं आणि कोपऱ्याकडे हात केला. तिथे गवतात काळ्या दगडांची एक लांब ओळ होती.

"दर्यावरचे मुसाफर हंयसर," तो म्हणाला. "गुजरातचे, मलबारचे, तुमच्या बाजूचे."

"हेंच्यातले माजे खंयचे?" रहमतबीने विचारलं.

म्हाताऱ्याने दोन्ही हात पसरले. "बी, दगडार नाव ना. लाकडाच्यो पाट्यो आशिल्यो, त्यो कुसून गेल्यो. त्या वेळचो राखणदारूय आता ना."

जमाल खाली बघायला लागला. रहमतबी ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा चालत गेली आणि परत आली. तिने कुठेही थांबून निरखून पाहिलं नाही. मग म्हाताऱ्याकडून पाण्याची घागर मागून घेतली, पहिल्या दगडापाशी बसली आणि त्याच्या भोवतीचं गवत उपटायला लागली. दगडावर पाणी ओतलं, तळव्याने शेवाळ घासलं, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटली, आणि सरकून दुसऱ्या दगडापाशी गेली. तिसऱ्याशी. एकाही दगडापाशी तिने घाई केली नाही.

शेवंती आणि गुरुदास फाटकाबाहेर उभे होते. शेवंतीने नवऱ्याकडे पाहिलं. मग पायातल्या वहाणा काढल्या, आत गेली आणि पदर खोचून ओळीच्या दुसऱ्या टोकाला बसली.

गुरुदासाला कब्रस्तानाच्या दगडी गडग्यावरून नदीचं मुख दिसत होतं. ओहोटी लागली होती. दांड्यावरचं पाणी रंग बदलत होतं. आत्ता निघालं असतं तर संध्याकाळपर्यंत भटकळ गाठता आलं असतं. जमाल त्याच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "गुरुदासकाका, पाणी उतारता हा. सांगू काय चाचीक?"

"नको," गुरुदास म्हणाला.

तो गडग्याच्या सावलीत खाली बसला आणि डोक्यावरची टोपी काढून त्याने मांडीवर ठेवली. दोघींच्या मध्ये अजून बरेच दगड बाकी होते.