डावा गाल, उजवा गाल आणि मी

घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका बाईंच्या डाव्या गालावर वयाचे अकरा डाग होते आणि उजव्या गालावर चार. वर्षभर दोन्ही गालांना एकच मलम सारख्याच मापाने लावले गेले. डावीकडचे अकराही डाग फिके पडले. उजवीकडचे चार होते तसेच राहिले.

मित्रांनो, मी त्या बाईंच्या दुकानातला पडदा आहे. जाड विणीचा आणि एके काळी गडद निळा. मला शिवणाऱ्याने धुतल्यावर आटेल म्हणून चार बोटे कापड जास्त ठेवले होते. मी आटलो नाही. त्यामुळे आजही खिडकीच्या कट्ट्यावर थोडा लोळतो.

बाईंना त्यांची भाची मावशी म्हणते, म्हणून मीही म्हणतो. मावशींचे टेबल असे मांडले आहे की खिडकी डाव्या हाताला येते. उजव्या हाताने बारीक काम करणाऱ्याला उजेड डावीकडूनच हवा, नाहीतर हाताची सावली नेमकी स्क्रूवर पडते. सव्वीस वर्षे त्या तशाच बसल्या. मग डोळ्याचे ऑपरेशन झाले, उन्हाची तिरीप सोसेना, तेव्हा त्यांनी टेबलावर दिवा घेतला आणि खिडकीवर मला टांगले. "आता कसं निवांत वाटतंय," असे त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या. माझ्या वाट्याला कौतुक आले ते एवढेच. पुढे माझ्याकडे कोणी पाहिले नाही.

मलम भाचीने केलेले. त्यासाठी तिने नोकरी सोडली होती आणि रविवारी आपला पहिला माल ती प्रदर्शनात मांडणार होती. डब्यावर छापायला तिने मावशींचे दोन फोटो निवडले होते, एक मलमाआधीचा आणि एक आताचा. दोन्ही डाव्या गालाचे.

"बघ मावशी, जादू आहे की नाही?"

"आणि उजवा गाल?"

"त्याचा फोटो कोण काढतंय?"

"अगं, त्यालाही तेच मलम लावलंय. तो काय सावत्र आहे?"

भाची हिरमुसली. "रविवार परवावर आलाय. तू एकदा हो म्हण, म्हणजे मी छापायला टाकते."

मावशी हो म्हणेनात. बंद घड्याळ नुसते हलवल्यावर टिकटिकले, तर ते दुरुस्त झाले असे त्या कधी मानत नसत. पण वर्षभर खपलेल्या पोरीला नाही म्हणणेही त्यांच्या जिवावर आले होते.

आताचा फोटो पुन्हा काढून आणखी उजळ यावा म्हणून भाचीने झुळझुळीत पांढरा पडदा आणला होता. "याचं तर पार पोतेरं झालंय," असे म्हणत तिने मला काढले आणि टेबलावर टाकले. मित्रांनो, खोटे का बोलू, मला ते लागले. माझे दिवस भरले असेच मी धरून चाललो.

माझ्या शेजारी एक भिंतीवरचे घड्याळ उघडे पडले होते. कोणाच्या तरी उन्हाच्या खोलीत ते कित्येक वर्षे बंद होते. मावशींनी नुकतेच त्याचे काटे उपसले होते. तबकडी पिवळी पडली होती, पण काट्यांखाली दोन रेघा पांढऱ्या राहिल्या होत्या. मावशींनी त्या रेघांकडे पाहिले, मग माझ्याकडे. माझी एक चुणी त्यांनी उलगडली. बाहेरून मी राखाडी झालो होतो, चुणीच्या आत अजून गडद निळा होतो.

त्यांनी भाचीला आपल्या खुर्चीवर बसवले. ऊन थेट तिच्या डाव्या गालावर आले.

"काही लागतंय?"

"चटका. पण एकाच बाजूला."

"सव्वीस वर्षं मी इथंच बसलेय. पडदा आणि तुझं मलम एकाच महिन्यात आलं, म्हणून आपण दोघी फसलो."

भाची गाल चोळत बसून राहिली. मग तिला हसू फुटले. "म्हणजे डब्यावर फोटो पडद्याचा लावू?"

"लाव की. माझ्यापेक्षा तोच जास्त उजळलाय."

दोघी हसून हसून बेजार झाल्या. मग मावशी म्हणाल्या, "हे बघ, गाल मऊ झालेत ते मात्र दोन्ही. ते तुझंच काम. ते छाप, आणि मी सांगितलं म्हणून छाप."

तसेच छापले गेले. पांढरा पडदा प्रदर्शनातल्या टेबलावर अंथरला गेला. रविवारी संध्याकाळी भाची रिकामे खोके डोक्यावर घेऊन दुकानात शिरली. मी खिडकीवर होतो, धुतलेला आणि इस्त्री केलेला.

मित्रांनो, एखादी वस्तू विटली म्हणून टाकून देण्याआधी ती कशाने विटली एवढे पाहत जा. माझ्याबाबतीत मावशींनी ते पाहिले आणि दुरुस्तीच्या वहीत लिहून ठेवले: डावीकडचे डाग खिडकीतून रोज येणाऱ्या उन्हाचे. ऊन पडद्याने अडवले, म्हणून ते फिके झाले, गेलेले नाहीत. उजव्या गालावर खिडकीचे ऊन येतच नव्हते, म्हणून तिथे काही बदलले नाही.