उस्तादांची लेव्हल

कारखान्यात सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. उभा जन्म लेथ मशीनवर गेलेला. त्यांच्या हातचा नट कधी ढिला म्हणून परत आला नाही. निवृत्त झाल्यावर हाती आलं ते सगळं त्यांनी एका दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये घातलं. तो भाड्याने द्यायचा आणि त्यावर नवराबायकोने म्हातारपण काढायचं, एवढा साधा बेत. देण्याआधी घर ठाकठीक करायचं होतं, पण गवंडी, प्लंबर असली माणसं बोलवायची म्हणजे उस्तादांना नाक कापल्यासारखं. रंग त्यांनी दिला, कपाटं त्यांनी ठोकली, आणि बाथरूमची फरशी तर गुडघे टेकून, हवेच्या बुडबुड्याची लेव्हल ठेवून ठेवून घातली. केसाइतका फरक राहिला नाही तेव्हाच माणूस जेवायला उठला.

त्यांची थोरली बहीण, ताई, नवरा गेल्यापासून घरामागच्या खोल्या भाड्याने देऊनच संसार ओढत आली होती. भाडेकरूंच्या बाबतीत तिने किती पावसाळे पाहिले असतील कोण जाणे. तिने एवढंच सांगितलं होतं, "दुसऱ्याला द्यायच्या आधी तिथे स्वतः एकदा आंघोळ कर. एकदा स्वयंपाक कर. मग किल्ली दे."

"मी काय भाडेकरू आहे होय?" उस्ताद हसले. ताईने हात जोडले आणि विषय सोडला. सख्ख्या भावाला शहाणं करणं तिला कधीच जमलं नव्हतं.

भाडेकरू मिळाली तीही लाखात एक. चष्म्याच्या दुकानात काम करणारी, तिशी ओलांडलेली मुलगी आणि तिचे वडील. वडील शिंपी; आता डोळ्यांनी आणि गुडघ्यांनी दगा दिलेला, पण हसतमुख. भाडं वेळेवर, जिना स्वच्छ, शेजाऱ्यांशी गोडीगुलाबी. आणखी काय हवं?

पहिल्याच महिन्यात स्वयंपाकघरातला नळ ठिबकायला लागला. तिने कळवलं आणि उस्ताद पिशवी घेऊन हजर. आता नळ म्हणजे वायसर बदलायचा, संपलं. पण उस्तादांना आतली आटीच पसंत पडली नाही. त्यांनी नळ उतरवला, घरी नेला, कानस मारली, पुढच्या रविवारी आणला, तो बसेना, परत नेला, तेव्हा कुठे एकदाचा बसला. तोवर ती पोरगी बाथरूममधून बादल्या वाहत होती. आणि काम करता करता उस्तादांचं तोंड अखंड चालू: ही कपाटं कशी ठोकली, तो रंग कसा घोटला, आणि फरशी, फरशीवर गोटी ठेवली तर जागची हलणार नाही. म्हातारबुवा बिचारे माना डोलवत बसायचे.

त्यानंतर तक्रारीचा एक शब्द आला नाही. उस्तादांची कॉलर ताठ. "काम असं करावं, की वर्षभर फोन येऊ नये," ते बायकोला सांगायचे. बायको म्हणायची, "बरं." लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर दुसरं काय म्हणणार?

आणि मग फोन आला. "काका, करार संपतोय ना, पुढे आम्ही नाही राहणार. दुकानाजवळ जागा बघतोय."

उस्तादांनी मनातल्या मनात अंतर मोजलं. दुकान या घरापासून एका गल्लीवर होतं. त्याहून जवळ जायचं तर दुकानातच बिछाना टाकावा लागला असता. मग काय बिनसलं? नवा भाडेकरू कसा निघेल, घर किती दिवस रिकामं राहील, या विचाराने त्यांना अन्न गोड लागेना. पण खरं सांगायचं तर घोर भाड्याचा कमी होता. आपण जीव ओतून केलेलं घर कुणालातरी नकोसं झालंय, हे त्यांना सहन होत नव्हतं.

शेवटी ते ताईकडे गेले. तिने ऐकून घेतलं आणि चपला पायात सरकवल्या. "चल. फोन करून विचार आधी, येऊ का म्हणून. मालक आहेस म्हणून धडकू नकोस."

दोघं पोचले तेव्हा मुलीने दार उघडलं आणि ती जरा गोरीमोरी झाली. म्हातारबुवा खुर्चीत होते. त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता.

"हे कधी झालं?" उस्तादांनी विचारलं.

"वय झालं हो," म्हातारबुवा म्हणाले. "पाय सरकला जरासा."

ताई सरळ बाथरूमकडे गेली. दाराशी एक लांबट, तक्क्यासारखी उशी आडवी ठेवलेली होती. जुन्या चादरीची, आत चिंध्या दाबून भरलेल्या, टाके एकसारखे बारीक. ओली होऊन फुगली होती. ताईने ती उचलून बाजूला ठेवली, आत जाऊन बादली भरली आणि फरशीवर ओतली.

पाणी जाळीकडे गेलंच नाही. कुठे जावं ते त्याला कळेना. थोडं इकडे पसरलं, थोडं तिकडे, आणि निवांतपणे दारातून बाहेर येत उस्तादांच्या मोज्यांपर्यंत पोचलं. लेथवरच्या माणसाने सपाट म्हणजे अगदी सपाट फरशी घातली होती, आणि बाथरूमच्या फरशीला उतार लागतो हे काही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

मोजे भिजले तरी उस्ताद हलले नाहीत. "ही उशी कुणी शिवली?" एवढंच त्यांनी विचारलं.

"मीच," म्हातारबुवा म्हणाले. "हात धड होता तेव्हा."

"पोरी, मला का नाही सांगितलंस?"

मुलगी ओढणीचं टोक चाळवत म्हणाली, "काका, तुम्ही इतक्या कौतुकाने सांगायचात त्या फरशीचं. बाबा म्हणाले, माणसाचं मन मोडू नये. आणि मला वाटलं, सांगितलं तर तुम्ही स्वतः उकरायला बसाल. नळाच्या वेळी एवढे दिवस लागले. बाथरूमशिवाय बाबांना कसं सांभाळू? त्यापेक्षा घर सोडलेलं बरं, असं वाटलं."

उस्तादांना तोंडात मारल्यासारखं झालं. वर्षभर ज्याला आपण शाबासकी समजत होतो ती या दोघांची भीड होती. त्या भिडेपायी एका म्हाताऱ्याचा हात मोडला. त्यांना लाज वाटली, अगदी मनापासून वाटली, आणि ती लपवावी असंही त्यांना वाटलं नाही.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "उद्या गवंडी येईल. मी हातही लावणार नाही. तुम्ही राहा नाहीतर जा, फरशी मात्र नीट होणार."

मुलगी राहीन म्हणाली नाही, जाईन म्हणाली नाही.

परतताना ताई म्हणाली, "घर भाड्याने दिलं की आपण काम करायचं नसतं, करवून घ्यायचं असतं. आणि भाडेकरू गप्प असला की खूश आहे असं समजू नकोस. अधूनमधून आपण होऊन विचारावं."

काम चाललं तेवढे दिवस बापलेक ताईच्या रिकाम्या खोलीत राहिले. इकडे गवंड्याने फरशी फोडली आणि एका बाजूला कलती घातली. ती तिरकी फरशी बघताना उस्तादांचा जीव कासावीस झाला, पण हात त्यांनी पाठीमागे बांधून ठेवले. सिमेंट वाळल्यावर ते टॉवेल घेऊन गेले आणि तिथे स्वतः आंघोळ केली. पाणी गुमान जाळीत गेलं. मग त्यांनी भिंतीवर, म्हाताऱ्या माणसाच्या हाताला येईल अशी, एक धरायची दांडी बसवून घेतली. तीही गवंड्याकडूनच.

बापलेक घरी परतले. आठवडा गेला. फोन नाही. दुसरा लागला, तरी नाही. करार संपत आला आणि उस्तादांनी आशा सोडली.

महिनाअखेरीला ते जेवायला बसणार तोच फोन वाजला.

"काका, तो नळ परत ठिबकतोय. आणि कपाटाचं दारही मुळीच लागत नाही, पहिल्यापासून. पुढचं वर्ष काढायचंय तर एकदा नीट करून घ्या ना. पण प्लंबर पाठवा हं."

"पाठवतो," उस्ताद म्हणाले. "आणि सुतारही पाठवतो. अजून काही आहे का? सांग, सगळं सांग."

अजून होतं. बरंच होतं. उस्ताद उभ्या उभ्या ऐकत राहिले, हो हो म्हणत राहिले.

"कुणाचा फोन?" बायकोने विचारलं.

"पोरीचा," ते म्हणाले, आणि हसत यादी करायला कागद शोधू लागले. "तक्रार केली तिने."