चार बोटं रुंद व्हॅन

गाडीचं चित्र काढायला शिकताना पहिली गोष्ट कळते ती ही, की चाक गोल नसतं. समोरून गोल असतं, बाजूने लंबगोल. आपण उभे आहोत तिथून ते नेमकं किती चेपलेलं दिसतं हे चुकलं, की आख्खी गाडी अपघातातून आल्यासारखी वाटते. माझ्या पहिल्या गाड्या तशाच वाटायच्या. सर्वेश, म्हणजे माझा नवरा, मागून टॅबमध्ये डोकावायचा आणि म्हणायचा, "प्रांजल, ही काय पोळ्यांवर चालते?"

मी केमिस्ट्रीची बी.एस्सी. जान्हवी झाली तेव्हा लॅबची नोकरी सोडली, कारण तिला पाळणाघरात ठेवायचं म्हटलं की रडू मला यायचं. आता ती बालवाडीत जाते आणि दुपारी झोपते. त्या झोपेत मावेल असं काम मला हवं होतं, आणि ते सापडलं साकीनाक्याला, आमच्या घाटकोपरहून मेट्रोने तीन स्टेशनांवर. तिथे शीतलचं वर्कशॉप आहे. लोक आपली साधी गाडी आणतात आणि नवा रंग, रुंद चाकं, वेगळे दिवे लावून घेऊन जातात. पण पत्र्याला हात लावण्याआधी त्यांना आपली गाडी कशी दिसणार याचं चित्र लागतं, अगदी फोटो वाटावा असं. ती काढणारा माणूस दुबईला गेला होता. म्हणून शीतल दुपारी आमच्या घरी येऊन मला शिकवत होती.

"तुझी गाडी तरंगतेय," ती म्हणायची. "टायर जमिनीला टेकतो तिथे काळीकुट्ट सावली दे. नाहीतर ही होडी आहे."

मी सावली द्यायची. मग जान्हवीच्या नाकाखाली बोट धरून श्वास चाललाय ना ते बघायची. मग पुन्हा सावली.

"आता खाली बसव तिला. दबा धरलेल्या मांजरासारखी."

"जास्त खाली नको गं. आमच्या गेटजवळच्या स्पीडब्रेकरला पोट घासेल."

"चित्रातल्या गाडीला कसला स्पीडब्रेकर?"

"आणि मागची सीट काढून स्पीकर नको ना. पोरं कुठे बसतील?"

शीतलने पेन खाली ठेवलं. "तू गाडी काढतेयस की तिच्या घरी मुलगी देतेयस?"

शेवटी तिने परीक्षा ठरवली. ओळखीची एक गाडी घ्यायची, चित्रात ती बदलायची आणि ते चित्र अशा माणसाला दाखवायचं, ज्याला ती गाडी रोज दिसते. सोबत एक शब्दही बोलायचा नाही, लिहायचा नाही. माणूस फसला तर काम माझं. नाही फसला तर गोरेगावचा एक जण रांगेत होता, स्टुडिओत सेटची चित्रं काढणारा, सोमवारपासून यायला तयार.

आमच्या घरात एकच गाडी. सासऱ्यांची पांढरी व्हॅन. गिरणी बंद पडल्यावर बाबांनी तिच्यावर शाळेची मुलं ने-आण केली आणि घर चालवलं. अजून सकाळी चहाच्या आधी ते तिला पुसतात. त्या आठवड्यात ते मनोरीला गेले होते, त्यांच्या बहिणीकडे, द्रौपदीआत्यांकडे. मनोरीची बोट मार्व्याच्या जेट्टीवरून सुटते, तिथे गाडी उन्हात उभी राहील म्हणून स्वतः बसने गेले आणि जाताना व्हॅनला कव्हर घालून, खालून दोरी ओवून होडीच्या गाठी मारून गेले. त्या गाठी दुसऱ्या कुणाला सुटत नाहीत.

कव्हर घालण्याआधी मी फोटो काढून ठेवला होता. आमची पार्किंगची जागा, हद्दीचा पिवळा पट्टा, शेजारी दशरथकाकांची मरून रंगाची गाडी. त्या फोटोवर मी व्हॅन चकचकीत काळी केली. कमरेला कोकमाच्या रंगाचा पट्टा दिला. चाकं रुंद केली. आणि जीव मुठीत धरून तिला खाली बसवलं. चकचकीत पत्र्यात शेजारचं दिसतं, हे शीतलने घोकून घेतलं होतं, म्हणून काळ्या दारात दशरथकाकांची मरून गाडी उमटवली, जराशी वाकडी, पत्रा वळतो तशी.

पाठवण्याआधी मी आत्यांना फोन केला. "बाबांनी बीपीची गोळी घेतली ना?"

"घेतल्यान. कित्याक गो?"

"सहज."

मग बाबांना चित्र धाडलं. काही लिहिलं नाही. लगेच फोन वाजला.

"माझी गाडी काळी कोणी केल्यान?"

मग पलीकडून खोकल्यासारखं हसू आलं. "काळजात धस्स झाला गो. मगे खिसो चाचपलंय. दोन्ही चावी माझ्याकडे. गाडी रंगवूक गेली ती काय चलत?"

गॅसचा नॉब दोनदा तपासणारी मी, चाव्यांचा विचारच केला नव्हता.

"म्हणजे थोडे तरी फसलात ना, बाबा?"

"अर्धो."

अर्धा माणूस शीतल मोजणार नव्हती. मी बाबांना सगळं सांगितलं, परीक्षा, गोरेगावचा माणूस, सोमवार. ते ऐकत राहिले. "असा काय," म्हणाले आणि फोन ठेवला. दहा मिनिटांत ते चित्र सोसायटीच्या पार्किंगच्या ग्रुपवर आलं. बाबांकडून. खाली एक अक्षर नाही.

मी घाबरून पुन्हा फोन लावला. "बाबा, हे काय केलंत?"

"मी खंय काय बोललंय? माका मोबाइलवर लिवूक जमणा नाय. फोटो तेवढो धाडूक येता."

दशरथकाका आमचे सेक्रेटरी. बाबांना त्यांचा पहिला मेसेज होता, 'काशीरामभाऊ, परवानगी कोणाची?' दुसरा, 'चाके माझ्या हद्दीत.' थोड्या वेळाने मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं तर काका बायकोची, म्हणजे प्रेमाकाकूंची, शिवणाची टेप घेऊन कव्हर घातलेल्या व्हॅनभोवती फिरत होते. वाऱ्याने कव्हर फुगत होतं. फुगलं की काका टेप लावत. मग ग्रुपवर आलं, 'मोजणी केली. चार बोटे बाहेर.'

पहिल्या मजल्यावरच्या क्षमाने लिहिलं, 'तरीच परवा सायलेन्सर एवढा ओरडत होता. आमचं बाळ दचकून उठलं.'

बाळ दचकून उठलं म्हटल्यावर मला राहवेना. मी 'सॉरी' टाइप केलं. मग आठवलं की बाबा गेल्यापासून व्हॅन तसूभर हललेली नाही. 'सॉरी' पुसलं.

शनिवारी काकांनी जाहीर केलं की उद्या सकाळी सगळ्यांसमोर कव्हर काढायचं, आणि चाक हद्दीबाहेर निघालं तर काशीरामभाऊंची पार्किंगची जागा रद्द. कामापायी बाबांची जागा गेली तर? मी शीतलला म्हटलं, "मी सांगून टाकते."

"आज सांगितलंस तर म्हणतील आम्हाला माहीतच होतं. उद्यापर्यंत तोंड मिट. मी येते बघायला."

रविवारी बाबा सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन आले आणि थेट पार्किंगमध्ये गेले. पंधरा-वीस माणसं जमली होती. सर्वेश जान्हवीला खांद्यावर घेऊन उभा होता. "तिला घट्ट धर," मी म्हटलं. शीतल गेटपाशी बाइकला टेकली होती. बाबांनी पिशवी माझ्या हातात दिली, उकिडवे बसले आणि एकेक गाठ अशी निवांत सोडायला लागले, की दशरथकाकांनी तीनदा घड्याळ बघितलं.

कव्हर निघालं. व्हॅन पांढरी. मागच्या काचेवर जान्हवीच्या हाताचे ठसे. चाकं पट्ट्याच्या चांगली वीतभर आत.

दशरथकाकांनी एक फेरी मारली. वाकून खाली बघितलं. दारावर नखाने खरवडलं आणि नख उन्हात धरून तपासलं.

"परत पांढरी केलीत?" ते म्हणाले.

"काका, ती काळी नव्हतीच," मी म्हटलं. "चित्र होतं. मी काढलेलं." टॅब उघडून दाखवलं. एक लेअर बंद केला की पांढरी, चालू केला की काळी. पांढरी. काळी.

काकांनी नीट बघितलं. मग सावकाश मान हलवली. "मला नको शिकवू. तिच्या दारात माझी गाडी दिसत होती, स्पष्ट. चित्रात माझी गाडी कशाला येईल?"

"मीच काढली ती पण."

"माझी गाडी? मला न विचारता?"

"आणि तो सायलेन्सरचा आवाज?" क्षमा म्हणाली.

"कव्हरखालून आवाज येईलच कसा, यार?" सर्वेश म्हणाला.

"आला ना. मी ऐकलाय."

गेटपाशी शीतल पाठ वळवून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. डोळे पुसत ती माझ्याजवळ आली. "अख्खी सोसायटी फसवायला सांगितली नव्हती मी," ती म्हणाली. "सोमवारी ये. जान्हवीला झोपवून ये."

काकांनी पार्किंगची जागा रद्द केली नाही. चाकं पट्ट्याच्या आत होती, तिथे त्यांचाही इलाज नव्हता. मात्र दुपारी ग्रुपवर मेसेज आला, की यापुढे कोणीही गाडी काळी करून परत पांढरी करण्यापूर्वी सोसायटीला कळवावे.

सगळे पांगल्यावर बाबा कव्हरची घडी करत होते. घडी झाली तरी ते हलेनात. बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

"काळी बरी दिसत होती गो."

"बाबा."

"तो कोकमी पट्टो तर झकास. आणि बसलेली कशी, मांजरासारखी." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "शीतलबाय घरच्यांका पैसे कमी लावता काय?"

मी बोंबलांची पिशवी वर नेऊन ठेवली, जान्हवीला झोपवलं, तिच्या नाकाखाली बोट धरलं. मग सर्वेशला तिच्याशेजारी बसवून प्रेमाकाकूंकडे गेले आणि त्यांची टेप मागितली.

"आता काय मोजतेयस?" त्यांनी विचारलं.

"गेटजवळचा स्पीडब्रेकर," मी म्हटलं.