प्रेमदासचा कापूस

“लाकडाले चिकटपट्टी काऊन लावून राह्यली? दवाखाना आहे का हा?”

अंकिता हसली, पण तिचे हात थांबले नाहीत. सागाच्या फळीला तिने दोन्ही अंगांनी पट्टी लावली आणि खाली टाकाऊ प्लायचा पातळ तुकडा घट्ट बसवला. “बाबा, पात्याचे दात खाली ओढतात. खालून टेकू नसला का ढलप्या निघतात. मागच्या खेपेले तुमचा कापूस अडकलाच नं?”

अडकला होता खरा. प्रेमदास मिस्त्रीचा कापूस अख्ख्या देवळी गावाला ठाऊक. जाळीकाम झालं की तो चिमूटभर कापूस कापलेल्या कडांवरून फिरवायचा. एक तंतू जरी अडकला, तरी काम दुकानाबाहेर जायचं नाही, मग गिऱ्हाईक कितीही बोंबलो. लेकीचं एकही काम यातून पहिल्या फटक्यात सुटलं नव्हतं, आणि बापानेही कधी गय केली नव्हती.

आज मात्र दुसरा फटका नव्हताच. विहाराचं जुनं दार उतरवलं होतं, त्यातल्या एकुलत्या एका धड फळीतून धम्मचक्र कापायचं होतं. ते नव्या दाराच्या वर बसणार, आतून-बाहेरून दिसणार. वस्तीने काम विश्वासाने प्रेमदासला दिलं. उन्हाळ्यापासून त्याचा उजवा हात थरथरतो, हे फक्त घरात माहीत होतं.

अंकिताने जाळी कापायचं मशीन सुरू केलं. प्रेमदासने दोन्ही हात काखेत दाबून धरले, नाहीतर ते आपसूक फळीकडे गेले असते. आऱ्यांमधल्या प्रत्येक खणात भोक पाडून ती बारीक दातांचं पातं ओवायची आणि फळी हळूहळू फिरवायची. रेटारेटी नाही. एका आऱ्यापाशी लाकडाची शीर आडवी आली, तसा त्याचा जीव टांगणीला लागला. ‘दमानं’ म्हणायला त्याने तोंड उघडलं, तोवर तिने हात सैल केलाही होता. ही पोरगी आपलीच, असं त्याला ओरडून सांगावंसं वाटलं.

विहाराचं काम पाहणारे नानाजी आले, तेव्हा ती पट्ट्या सोलत होती.

“झालं का रे, प्रेमदास? लोकं विचारून राह्यले.”

“थांबा. कापूस बाकी आहे.”

त्याने कापूस उचलला आणि हात थरथरायला लागला. नानाजींनी ते पाहिलं. प्रेमदासने हात लपवला नाही. चक्र उलटं करून एकेक आरा, एकेक कोपरा तो घासत गेला. कापूस जसा गेला तसा अख्खा परत आला.

“तुह्या हातची गोष्टच वेगळी, बाप्पा,” नानाजी म्हणाले.

“माहा हात नाई लागला याले, नानाजी. माह्या पोरीनं कापलं. विहारात सगळ्यायले असंच सांगजा.” कापसाचा तो बोळा प्रेमदासने अंकिताच्या तळहातावर ठेवला. “आता तूच फिरवत जाजो.”

मग कोपऱ्यातला झाडू उचलून तो तिच्या मशीनखालचा भुसा झाडायला लागला.