समीक्षाच्या मुलाखतीला आम्ही दोघं

साताऱ्याच्या कंपनीनं समीक्षाला मुलाखतीला बोलावलं. तरणी पोर एकटी कशी जाणार, म्हणून माधवनगरहून मी तिच्याबरोबर निघालो. साताऱ्याच्या स्टँडवर माझा थोरला मुलगा, फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेला उदयसिंह, कडक इस्त्रीत पेढ्यांचा पुडा घेऊन उभा होता. जणू सोयरीक जुळवायला निघालाय.

समीक्षा माझी नात, धाकट्या मुलाची मुलगी. बारावीनंतर कॉलेजला गेली नाही. घरीच कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायला शिकली. सांगलीत हळदीच्या एका अडत्याकडं तिनं केलेला प्रोग्राम चालतो. तेवढ्यावरच अर्ज केला होता. ही नोकरी लागली नाही, तर दिवाळीनंतर तिला स्थळं बघायची, असं घरात ठरलेलं.

रिक्षात उदयसिंहनं मार्गदर्शन सुरू केलं.

"शिक्षण इचारलं तर सांगायचं, शेवटचं वर्ष झालंय, रिझल्ट यायचा हाय."

"काका, अर्जात मी बारावीच लिहिलंय."

"अर्ज कोण वाचतंय? फौजेत उभी हयात काढली मी. दमात सांगायचं, समोरचा मान हलवतोय."

"आन् त्यांनी रिझल्ट मागितला तर?"

"तवर तू पर्मनंट झाली असशील की!"

दुकानांच्या हिशेबाचे प्रोग्राम करणारी ही कंपनी म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. मालक मानसिंगराव, वयानं उदयसिंहपेक्षा बरेच लहान. समीक्षाला आत नेऊन त्यांनी काम दिलं. आम्ही बाहेर बाकावर. भिंतीवरच्या पाट्या मी अक्षर लावत वाचत बसलो. सगळ्या वाचून झाल्या, पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली, तेव्हा मानसिंगराव बाहेर आले.

"हात चांगला आहे पोरीचा. एका ठिकाणी अडली, तर हे मला येत नाही म्हणाली. सरळ आहे."

इथं आम्ही गप्प बसायला हवं होतं. पण उदयसिंह उठून उभा राहिला.

"हुशारच हाय, सायेब. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष झालंय. रिझल्ट तेवढा यायचाय."

मानसिंगरावांचा चेहरा बदलला.

"अर्जात तर बारावी आहे. डिग्री मला नकोच होती हो. पण लोकांची दुकानं या पोरीच्या भरवशावर सोडायची, आणि शिक्षणच खोटं निघालं तर?"

समीक्षा दारात येऊन थांबली होती. काकाला चारचौघांत खोटं पाडायचं, का नोकरी सोडायची? तिनं माझ्याकडं बघितलं.

"आबा, तुमी सांगा."

सुभेदारसाहेब माझ्यावर डोळे वटारून होते.

"बारावी," मी म्हणालो. "पुढचं सगळं शिक्षण आत्ता रिक्षात झालं."

मानसिंगराव भिंतीकडं तोंड करून हसले. मग समीक्षाला म्हणाले, "एक तारखेपासून ये. तीन महिने बघू."

स्टँडवर आम्ही चहा-भजी मागवली. चहा पोटात गेल्यावर उदयसिंहनं घरी फोन लावला.

"व्हय, झालं काम! सायबाला तोंडावर सांगितलं मी, आमच्या पोरीकडं डिग्री न्हाई, घ्यायची तर तशीच घ्या!"

समीक्षा काही बोलणार, तेवढ्यात मी भज्यांची प्लेट तिच्यापुढं सरकवली.

आता कॉलेज सोडलेली पोरं उदयसिंहकडं सल्ल्याला येतात. मुलाखतीत खरं तेच बोलायचं, असं तो त्यांना दमात सांगतो. सल्ला चांगला आहे. समीक्षा त्यात एवढीच भर घालते, की काकाला सोबत नेऊ नका.