वाकलेला हूक

तिनं कळ दाबली आणि क्रेनसाठी घडवलेला, तापून लालभडक झालेला हूक तेलाच्या हौदात उतरला. फुसकारा, धूर, मग शांतता. तेवढ्यात पोलादाच्या आतली कणांची बैठकच पालटते. ते कडक होतं, पण काचेसारखं तडकतंही. म्हणून त्याला मंद भट्टीत पुन्हा शेकायचं. थोडा कडकपणा जातो, बदल्यात चिवटपणा येतो. दादाच्या डोक्यावर जो हूक तुटला, त्याचं हे शेकणं कुणीतरी घाईत उरकलं होतं.

दादा याच कारखान्यात क्रेनखाली उभा राहून ओझ्याला साखळ्या बांधायचा. तो गेल्यापासून तिनं, त्याच्या धाकट्या बहिणीनं, प्रयोगशाळेत एकच ध्यास घेतला होता. हूक करायचा, मोडायचा, पुन्हा करायचा. आता तर हात आपोआप चालायचे.

शेकलेला हूक चाचणीच्या यंत्रावर चढला तेव्हा साहेब मागं उभे होते. भार दुप्पट झाला, अडीचपट झाला. हूक हळूहळू उघडत गेला.

"वाकला की," साहेब म्हणाले.

"वाकला. तुटला नाही. खालच्या माणसाला पळायला सवड मिळते."

साहेबांनी उघडलेल्या हुकावरून बोट फिरवलं. "सगळे हूक असेच करा."

आनंद व्हायला हवा होता. ती नुसतीच स्टुलावर बसून राहिली.

घरी वहिनीनं ताट वाढलं. दादामागं दोघी एकत्रच राहत होत्या.

"जमला?"

"जमला एकदाचा."

वहिनी ओले हात पुसत उभीच राहिली.

"वन्सं, कारखान्यात ह्यांची जागा मला देतायत. तेच साखळ्या बांधायचं काम. इतके दिवस नाहीच म्हणत होते मी."

"आणि आता?"

"यापुढं हूक कोण करणार, ते विचारलं. तुमचं नाव सांगितलं त्यांनी. मग हो म्हणून आले."

तिनं हातातला घास ताटात परत ठेवला. वहिनीनं मात्र कितीतरी दिवसांनी स्वतःलाही ताट वाढून घेतलं आणि ती पोटभर जेवली.

पुढं नव्या हुकांची पहिली खेप तयार होऊन रंगवायला निघाली, तेव्हा तिनं गाडा अडवला.

"यातला कुठलाही एक काढा. यंत्रावर चढवा."

"ताई, चाचणी तर झाली ना?" गाडेवाला वैतागला.

"त्या एकाची झाली," ती म्हणाली आणि बाह्या सरसावून तिनं हुकाला हात घातला.