जागृत गादी

शाळेच्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. ज्यांना खुर्ची मिळाली नाही ते भिंतीला टेकले होते, ज्यांना भिंत मिळाली नाही ते खिडक्यांत चढून बसले होते. सगळ्यांच्या नजरा व्यासपीठावरच्या एका भेंडोळ्यावर होत्या. प्लास्टिकमध्ये गच्च आवळलेले, गुंडाळलेल्या सतरंजीएवढे भेंडोळे. त्याच्यामागे गादीमहाराज उभे होते. अंगात झुळझुळीत झगा, हातात कात्री.

"हळू बोला," महाराज म्हणाले, "ती झोपली आहे. तुम्ही दुकानातून आणता ती मेलेली गादी. ही जागृत गादी! हिला माणूस कळतो. जो निर्मळ, त्याच्यासाठी ती उठेल. जो पोटात पाप लपवून आलाय, त्याच्यासमोर डोळासुद्धा उघडणार नाही. आहे कोणाची तयारी?"

गावचा पोस्टमन भीत भीत पुढे आला. महाराजांनी प्लास्टिकला कात्री लावली. 'फुस्स' असा लांबलचक निःश्वास सभागृहभर ऐकू गेला. गादी उलगडली, तिने आळोखेपिळोखे दिले, आणि बघता बघता ती वीतभर जाड होऊन ऐसपैस पसरली. ना पंप, ना नळी! बायकांनी हात जोडले. पोस्टमनच्या डोळ्यांत पाणी आले. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रे न फोडल्याचे चीज झाले, असे त्याला वाटले असावे.

"वास येतोय ना?" महाराजांनी विचारले.

"येतोय!"

"तो गादीचा नाही. तुमच्या अंगातला रोग बाहेर पडतोय. आता रोग काय अत्तर लावून बाहेर पडेल?"

लोक खो खो हसले, आणि नाकाला लावलेले रुमाल काढून तो वास भक्तिभावाने हुंगू लागले.

पहिल्या रांगेत सर बसले होते. याच शाळेत ते विज्ञान शिकवत, आणि व्यासपीठावर काय चालले आहे ते त्यांना स्वच्छ कळत होते. कारखान्यात यंत्राखाली फोम दाबायचा, त्यातली हवा काढून घ्यायची आणि वर प्लास्टिक आवळायचे. प्लास्टिक कापले की हवा आत शिरते आणि फोम पुन्हा फुगतो. भांडी घासायचा स्पंज मुठीत दाबून सोडला तर तोही असाच उठतो, आणि त्याला कोणाच्या पापपुण्याशी देणेघेणे नसते. हाच स्पंज त्यांनी सातवीच्या मुलांना शेजारच्याच प्रयोगशाळेत दाखवला होता.

तेवढ्यात त्यांच्या बाजूला बसलेली अक्का उठली. अक्का म्हणजे सरांची थोरली बहीण. तिचे लग्न राहिले ते राहिलेच, आणि धाकट्या भावाचे घर सांभाळता सांभाळता पाठ मात्र कामातून गेली होती.

"महाराज, पाठीला आराम नाही पडला तर गादी परत घ्याल का?"

सभागृहात खसखस पिकली. महाराजही हसले, पण अक्काकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले. "ताई, श्रद्धा परत घेत नसतात. पत्ता सांगून ठेवा. तुमच्यासाठी खास गादी पाठवतो."

मुख्याध्यापक सरांच्या कानाशी लागले. "सर, आभाराचे दोन शब्द बोला. विज्ञानाचा शिक्षक बोलला म्हणजे बरं दिसतं. शाळेला नवीन बाकं देणार आहेत ते."

सर उठले. खरे काय ते अगदी जिभेवर आले होते. पण समोर अख्खे गाव, शेजारी वरिष्ठ. कशाला उगाच वाईटपणा घ्या? त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "विज्ञानाला अजून सगळंच कळलेलं नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. वाक्य खोटे नव्हते, हीच त्याची मोठी सोय होती.

खास गादी आली ती कडाक्याच्या थंडीत, सकाळी सकाळी. अक्काची खोली घराच्या मागच्या अंगाला, उन्हाचा कवडसाही येत नसे, खाली दगडी फरशी. महाराजांच्या माणसांनी भेंडोळे फरशीवर ठेवले. गल्लीतल्या बायका दारात दाटल्या. प्लास्टिक कापले, जरासे 'फुस्' झाले, आणि संपले. गादी उलगडली, पण उठली नाही. इस्त्री केलेल्या चादरीसारखी चपटी ती फरशीला चिकटून पडली.

महाराजांच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिले. "महाराजांच्या कानावर घालावं लागेल," एवढेच बोलून ते निघून गेले.

संध्याकाळपर्यंत ही बातमी गावभर झाली. रोज साखर नाहीतर दूध मागायला येणारी शेजारीण आली नाही, म्हणून अक्काच साखरेची वाटी घेऊन गेली, तर ती दाराआडून म्हणाली, "आज नको, आमच्याकडं आहे." इतक्या वर्षांत तिच्याकडे पहिल्यांदाच साखर होती.

"अगं, गादीच खराब निघाली असेल," सर अक्काला म्हणाले. "लागेल थोडा वेळ."

"तूच म्हणालास ना, विज्ञानाला सगळं कळलेलं नाही म्हणून?" अक्का फरशीकडे पाहत म्हणाली. "हिला कळलं असेल काहीतरी."

'मी तेव्हा भ्यालो होतो' एवढे चार शब्द सरांना बोलायचे होते. ते त्यांच्याने बोलवले नाहीत.

पुढच्या सभेला आणखी गर्दी झाली. महाराजांनी डोळे मिटून घेतले. "एका घरात गादी आडवीच राहिली. मी नाव घेणार नाही. त्या माउलीनं आपणहून मन मोकळं करावं."

नाव घ्यायची गरजच नव्हती. सगळ्यांच्या माना अक्काकडे वळल्या होत्या. सर तिचा हात धरायला गेले, पण ती उभी राहिली होती.

"आमची आई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली होती," अक्का म्हणाली. आवाज इतका बारीक होता की मागच्या लोकांनी कानामागे हात धरले. "हा शिकायला बाहेरगावी. घरात मी एकटीच. तिला उचलून उचलून पाठ मोडायला आली होती. एका रात्री तिनं पाणी मागितलं. दोनदा मागितलं. मी जागी होते. पण मी डोळे मिटून पडून राहिले. झोपेचं सोंग घेतलं. सकाळी बघितलं तर आई नव्हती."

कोणीतरी 'अरेरे' म्हटले. अक्काच्याच रांगेत बसलेली शेजारीण उठली आणि दुसऱ्या रांगेत जाऊन बसली.

सरांना आईच्या मरणाचे एवढेच माहीत होते की ती झोपेतच गेली. अक्काने तसेच कळवले होते. इतकी वर्षे जे तिने सख्ख्या भावाला सांगितले नव्हते, ते एका गादीने गावासमोर वदवून घेतले. आणि सर पहिल्या रांगेत, मानाच्या खुर्चीत बसून होते. शरमेने त्यांच्या कानांतून वाफा निघत होत्या, पण खुर्ची काही सुटली नाही.

"आता उठेल गादी," महाराज म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काची हाक आली. सर धावत मागच्या खोलीत गेले. अक्का खाटेवर, तिच्या जुन्या गादीवर बसली होती. नव्या गादीवर पाय ठेवायचीही तिची हिंमत झाली नव्हती. तिने बोटाने खाली दाखवले. चपट्या गादीचा एक चौकोनी तुकडा हळूहळू वर येत होता.

"आईनं ऐकलं रे माझं," ती म्हणाली. तिचा चेहरा असा निवलेला सरांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

तिच्या हातात गरम पाण्याची रबरी पिशवी होती. रात्री पाठ शेकून झाली की ती पिशवी खाटेखाली सोडून देई. काल ती नव्या गादीवर पडली होती, वरून पांघरूण घसरले होते. सरांनी पिशवीला हात लावला. अजून कोमट होती. त्यांनी एकदा पिशवीकडे पाहिले, एकदा त्या चौकोनाकडे. दोन्ही सारखेच होते.

क्षणभर त्यांना वाटले, बोलूच नये. समाधान मिळाले आहे तर मिळू दे बिचारीला. गप्प बसायची सवय एकदा लागली की तिला कारणांचा तोटा नसतो.

"पण एवढीशीच का उठली?" अक्का पुटपुटली. "म्हणजे पोटात अजून काहीतरी राहिलंय माझ्या. सारखं आठवतेय मी. लहानपणी तू चोरून साखर खाल्लीस म्हणून तुला बडवलं होतं, ते असेल का? ते सांगू का पुढच्या सभेत?"

सर स्वयंपाकघरात गेले. पिशवीत कढत पाणी भरून आणले, गादीच्या दुसऱ्या टोकावर ठेवली, वर पांघरूण घातले आणि अक्काच्या शेजारी खाटेवर बसून राहिले. बऱ्याच वेळाने पिशवी उचलली. तिथलाही चौकोन कुरकुर न करता उठला.

"ऊब लागली की उठते होय?" अक्काने विचारले.

"हो. हा फोम गारठला की आखडतो. ऊब मिळाली की सैल पडतो, हवा घेतो आणि फुगतो."

"आली तेव्हा बर्फाची लादीच होती ती. मी म्हटलंही होतं, पण माझं ऐकतो कोण." मग तिने सरांकडे पाहिले. "तुला कधीपासून माहीत होतं हे?"

"उबेचं आत्ता कळलं." सरांची मान खाली गेली. "हवेचं पहिल्याच दिवशी."

"मग मी सगळ्यांसमोर जे सांगितलं, ते कशासाठी सांगितलं रे?"

सरांनी तिचे पाय धरले. तिने पाय मागे घेतले.

"माझ्या पाया पडून काय होणार? जिथं ते वाक्य बोललास, तिथं जाऊन बोल."

त्या आठवड्यात सभेआधी सर पिशवीत गरम पाणी भरायला प्रयोगशाळेत गेले. प्रयोगशाळा महाराजांच्या सामानासाठी दिलेली होती, किल्ली सरांनीच दिली होती. आत हीटर रणरणत होता आणि त्याच्याभोवती भेंडोळी शेकत बसली होती. सरांनी एकाला हात लावला, छान उबदार होते. मागच्या पत्र्याच्या शेडमध्येही भेंडोळी होती. त्यांच्यावर खडूने फुल्या मारलेल्या, आणि हात लावताच गारठ्याने बोटे बधिर व्हावीत अशी.

"या गाद्या कोणासाठी?" त्यांनी महाराजांच्या माणसाला विचारले.

विज्ञानाचे सर म्हणजे आपलेच, असे समजून तो हसला. "शंकेखोरांसाठी, सर. एक आडवी राहिली की बाकीचे गुमान घेतात."

सरांनी पिशवी भरली, दोन्ही ठिकाणचे एकेक भेंडोळे काखोटीला मारले आणि थेट व्यासपीठ गाठले.

"आज गादी मी उठवणार," ते म्हणाले. "महाराज, परवानगी आहे ना?"

गर्दीसमोर महाराजांना नाही म्हणता येईना. सरांनी मुख्याध्यापकांना वर बोलावले. "यांच्याइतका निर्मळ माणूस गावात नाही. खरं ना?"

"खरं!" लोक ओरडले. मुख्याध्यापक लाजून हसले. सरांनी त्यांच्यासमोर शेडमधले भेंडोळे कापले. जरासे 'फुस्', आणि गादी चपटीच राहिली. मुख्याध्यापकांचे हसू मावळले. लोक त्यांच्याकडे निरखून पाहू लागले.

"अहो, मी काय केलंय?" ते काकुळतीला आले.

"काहीच नाही, साहेब. अक्कानंही काही केलं नव्हतं." सरांनी हीटरजवळचे भेंडोळे पहिल्या रांगेत बसलेल्या अक्कासमोर कापले. गादी तट्ट फुगली.

"अश्रद्ध हात लागला!" महाराज कडाडले. "त्याच्या स्पर्शानं ती गादी मेली!"

"ही उठली, तिलाही माझाच हात लागलाय," सर म्हणाले. मागच्या बाकांवरून हशा उसळला. सरांनी मुख्याध्यापकांच्या गादीवर गरम पाण्याची पिशवी ठेवली, वर आपला कोट टाकला आणि बोलायला सुरुवात केली. हवा, फोम, हीटर, पत्र्याची शेड, खडूच्या फुल्या. जे सातवीच्या मुलांना समजते ते मोठ्यांनाही समजले. वास हा नव्या फोमचा असतो आणि खिडक्या उघडल्या की जातो, हेही सांगून झाले. मग त्यांनी कोट उचलला, पिशवी काढली. मुख्याध्यापकांची अब्रू चौकोनी आकारात हळूहळू वर आली.

लोक महाराजांकडे वळले, तोवर झुळझुळीत झगा मागच्या दाराने पसार झाला होता. पोस्टमन त्याच्यामागे धावला.

"थांबा," सर म्हणाले. "शिव्या घालायच्या तर आधी मला घाला. त्याचा धंदाच फसवायचा. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि मी याच जागेवर उभा राहून म्हणालो, विज्ञानाला सगळंच कळलेलं नाही. जे कळलंय ते सांगायची मला लाज वाटली. त्याची किंमत माझ्या बहिणीनं भरली. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, असं आपण म्हणतो. अक्कानं एका रात्री सोंग घेतलं, दोन वर्षं एकटीनं खस्ता खाऊन थकली होती म्हणून. मी इतके दिवस सोंग घेतलं, चांगला धडधाकट असताना. हात जोडून एवढंच मागतो. कोणी चमत्कार दाखवला तर आधी विचारा, कसा केला? विचारणाऱ्याला हसू नका. आणि ज्याला उत्तर माहीत आहे, त्यानं गप्प बसू नये."

या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. शेजारीण मात्र उठली आणि अक्काच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसली. अक्काने तिच्याकडे पाहिले नाही.

घरी सरांनी नवी गादी अंगणात नेऊन दिवसभर उन्हात टाकली. चारी कोपरे टम्म फुगले, वासही गेला. मग ती खाटेवर अंथरली, वर धुतलेली चादर घातली आणि खिडकी सताड उघडली. अक्का पाठ टेकून पडली. सर दारातच घुटमळत राहिले.

"अक्का, झोपलीस?"

"सोंग घेतलंय," डोळे न उघडता ती म्हणाली. "आईनं पाणी मागितलं होतं, ते काही या गादीनं खोटं होत नाही रे."

"नाही होत," सर म्हणाले. "पण तिला दुसरंही एक लेकरू होतं. ते त्या रात्री कुठं होतं, हे कोणी विचारलं नाही."

अक्काने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिले. कुशीवर वळताना तिने नेहमीसारखे कण्हून घेतले.

"पाणी आण घोटभर," ती म्हणाली.

तिचे वाक्य पुरे व्हायच्या आत सर माठापाशी पोहोचले होते.